दाखला माझ्या कपाटात होता

माझ्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, सगळ्यात वरच्या कप्प्यावर, जुन्या हजेरीपुस्तकांच्या खाली एका मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला सव्वा वर्ष पडून होता. तो तिथे आहे हे मला माहीत होतं. ती तो शोधतेय हेही माहीत होतं. मी तिला सांगितलेलं की तो माझ्याकडे नाही.

एवढं लिहून झालं. आता पुढचं सोपं आहे, कारण पुढचं बरंचसं हसण्यासारखं आहे. ज्या शनिवारी हे बाहेर आलं त्या दिवशी मी इतका हसलो की घरी गेल्यावर बायकोने जवळ येऊन माझ्या तोंडाचा वास घेतला. तिचं काही चुकलं नाही. मी हसणारा माणूस नाही. बोलणाराही नाही. भाजीत मीठ नसलं तरी मी न सांगता जेवून उठतो, आणि नंतर ती स्वतः जेवायला बसली की तिला कळतं.

पूर्वी मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या स्टोअरमध्ये होतो. कंपनी बंद पडली तेव्हा वय चव्वेचाळीस. त्या वयात कोण नोकरी देणार? ओळखीच्या एकाने या संस्थेत चिकटवलं. डोंबिवली पूर्वेला एका जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर आमचं केंद्र आहे. अठरा ते पंचवीस वयाची, राहायला घर नसलेली मुलं-मुली तिथे दिवसा येतात. कोणी घरातून निघून आलेलं, कोणी अठरा पूर्ण झाल्यावर बालगृहातून बाहेर पडलेलं. स्टेशनाच्या बाहेर, पुलाखाली, बंद दुकानांच्या ओट्यावर झोपतात. सकाळी आमच्याकडे येऊन आंघोळ करतात, कपडे धुतात, मोबाइल चार्जिंगला लावतात, चहा पितात. मी त्यांचे फॉर्म भरतो.

आणि त्यांचे कागद सांभाळतो. ही आमच्या कामातली जुनी रीत. उघड्यावर राहणाऱ्याची पिशवी आज ना उद्या चोरीला जाते, नाहीतर भिजते, नाहीतर कोणीतरी कचरा समजून उचलतं. म्हणून आधार कार्ड, मार्कशीट, दाखला, जे असेल ते संस्थेत ठेवायचं. आम्ही ते प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालतो, वर चिठ्ठी चिकटवतो. रीत चांगलीच होती. फक्त हळूहळू तिला शेपूट फुटलं. ज्याचा कागद आमच्याकडे, तो परत आमच्याकडे येणारच. दुसऱ्या संस्थेने कितीही चांगलं जेवण घातलं तरी कागदासाठी त्याला आमचा जिना चढावा लागणार. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण ठाण्यापासून कल्याणपर्यंत या कामातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात मी स्टोअरवाला. आत आलेली वस्तू बाहेर सोडताना मी आजही दोनदा मोजतो.

ती आमच्याकडे आली तेव्हा एकोणीसची होती. मराठवाड्यातल्या एका बालगृहात वाढलेली, अठरा पूर्ण झाल्यावर एका मैत्रिणीच्या भरवशावर इकडे आली, आणि मैत्रिणीने खोली बदलली. तेव्हापासून शहाड स्टेशनजवळ, एका बंद रेशन दुकानाच्या ओट्यावर, गजरे विकणाऱ्या मावशीच्या शेजारी झोपायची. तिला रुग्णसहायकाचा कोर्स करायचा होता. म्हणजे हॉस्पिटलात पेशंटला उठवणं-बसवणं, अंग पुसणं, औषधाच्या वेळा सांभाळणं. ठाण्यात सहा महिन्यांचा असा कोर्स आहे आणि राहायला वसतिगृहही आहे. पण शाळेचा मूळ दाखला लागतो. तिचा दाखला शाळेतच राहिलेला. मी दोनदा पत्र पाठवलं, उत्तर नाही. शेवटी मी स्वतः एसटीने गेलो. दोन दिवस, तीन गाड्या, आणि मुख्याध्यापकांच्या घरी दुपारची झोप संपेपर्यंत ओसरीवर बसणं. दाखला घेऊन आलो तेव्हा तिने तो दोन्ही हातांनी धरला, वाचला, आणि परत माझ्याकडे दिला. "सर, तुमच्याकडेच ठेवा. माझ्याकडे काय टिकत नाही."

मग काही महिन्यांनी माझ्या हातात एक पत्रक आलं. ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका डॉक्टरबाईंच्या संस्थेचं. त्यांची तपासणीची गाडी स्टेशनांच्या बाजूला फिरते. पत्रकावर हिचा हसरा फोटो आणि खाली लिहिलेलं, 'आमची मुलगी'.

मला काय झालं ते आज सांगायला लाज वाटते. मला राग आला. तीन एसट्या मी बदलल्या आणि मुलगी यांची. त्याच आठवड्यात ती धावत आली आणि म्हणाली, "सर, दाखला द्या ना, डॉक्टर मॅडम म्हणतात ठाण्याच्या कोर्सला ॲडमिशन सुरू आहे."

मी म्हणालो, "तो तर तूच नेलास. दिवाळीच्या आधी."

माझा आवाज अगदी साधा निघाला, मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. ती बाकावर बसली. पिशवीतलं सगळं बाकावर काढलं. कंगवा, चार्जर, ओढणी, एक पाकीट बिस्किटं, बालगृहातल्या कुठल्याशा स्पर्धेचं पदक. एकेक वस्तू झटकून बघितली. मग सगळं परत भरलं आणि म्हणाली, "सॉरी सर. माझ्याच हातून गेला असेल. तुम्ही एवढे लांब गेलेलात."

मी म्हणालो, "असू दे. होतं असं."

म्हणजे मी तिला माफ केलं. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त काही टोचत असेल तर ते हे.

त्या वर्षीचा कोर्स गेला. मला वाटलेलं आठवड्याभराने देऊन टाकू, सापडला म्हणून सांगू. पण आठवडा गेला की सांगणं अवघड होतं, आणि महिना गेला की त्याहून. कपाटाचं दार उघडताना मी वर बघायचंच सोडून दिलं.

आता हसण्याचं.

डॉक्टरबाईंनी एकदा फोन केला. "अहो, आपण तीन-चार संस्था त्याच मुलांच्या मागे पळतोय आणि एकमेकांना ओळखतही नाही. महिन्यातून एका शनिवारी माझ्या दवाखान्यात भेटू या का? बाहेरच्या खोलीत बसू. चहा माझा."

चौघं जमलो. डॉक्टरबाई, मी, ठाण्याच्या त्या कोर्सच्या वसतिगृहाच्या बाई, आणि कल्याणचे खिचडीवाले काका. काका रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. वस्तीतल्या विहारात मोठ्या पातेल्यात खिचडी शिजवून घेतात आणि जुन्या स्कूटरवर बांधून कल्याण स्टेशनजवळ आणून वाढतात. पहिल्या भेटीत चौघांनी आपापली रजिस्टरं आणलेली आणि परीक्षेत शेजारच्याने बघू नये म्हणून पोरं धरतात तसा प्रत्येकाने रजिस्टरवर हात धरलेला. अर्धा तास हवा-पाणी झालं. मग डॉक्टरबाईंनी एका मुलाचं नाव घेतलं. आम्ही सगळेच म्हणालो, आमच्याकडे आहे.

"जुलैतला जन्म ना?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "परवाच त्याचा वाढदिवस केला आम्ही."

"जुलै कुठला," काका म्हणाले. "डिसेंबर. मी स्वतः केक आणलेला. अननसाचा."

वसतिगृहाच्या बाईंनी हळूच पान उलटलं. "आमच्याकडे मार्च लिहिलंय. आम्ही त्याला शर्ट दिला."

मग तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मी रजिस्टर बघितलं. एप्रिल.

काकांचा चष्मा नाकावरून खाली आला. "एवढे वाढदिवस तर मंत्र्यांचेही होत नाहीत," ते म्हणाले, आणि त्यानंतर कुणालाच आवरलं नाही. डॉक्टरबाईंनी हसत हसत पुढची नावं वाचली. एकेकाचे तीन तीन वाढदिवस. आम्ही मोठमोठ्या गोष्टी करायचो की या मुलांपर्यंत पोहोचणं किती कठीण आहे, आणि मुलांनी आमचं पूर्ण वेळापत्रक बसवून ठेवलेलं.

पुढच्या भेटीला काका तिला घेऊन आले. हो, तिलाच. म्हणाले, "या पोरीला सगळ्यांचं सगळं ठाऊक आहे. आपण चौघं येडे, हिला विचारा." ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. मला म्हणाली, "सर, बरे आहात ना?" आणि पहिला चहा मला दिला.

आम्ही फळ्यावर कोण काय काम करतो ते लिहिलेलं, बाण-बिण काढून. तिने थोडा वेळ ते बघितलं.

"तुम्ही सगळे बुधवारी येता," ती म्हणाली.

"म्हणजे?" डॉक्टरबाई.

"म्हणजे बुधवारी कल्याणला काकांची खिचडी. तिथेच मॅडमची गाडी. तिथेच ठाण्याच्या बाईंचं मार्गदर्शन, त्याच्यात समोसा. आणि सरांकडे पण बुधवारीच पोहे. बुधवारी आम्ही पोट धरून फिरतो. एकाला तर उलटी झाली आणि मॅडमनी त्याला गोळी दिली की उपाशी राहतोस म्हणून ॲसिडिटी होते."

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला.

"आणि गुरुवारी कोणीच नाही. गुरुवारी आम्ही बिस्किटावर."

"अगं बाय, मग सांगायचं ना," काका म्हणाले.

"विचारलं कोणी?"

त्या दिवशी आमचं नवं वेळापत्रक तिने केलं. काका गुरुवारी गेले, समोसे सोमवारी, माझे पोहे शुक्रवारी. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती रोज सकाळी टाकायची, आज कोण, कुठे, किती वाजता. उशीर झाला की तिचा मेसेज यायचा, 'काका कुठे? पब्लिक उभी आहे.' काका म्हणायचे, वर्कशॉपात एवढा कडक फोरमन नव्हता. आम्ही चार प्रौढ माणसं तिच्या शब्दावर पळायला लागलो आणि आम्हाला ते आवडायला लागलं. मीही पळायचो. फक्त दर वेळी ती "सर" म्हणाली की मी जरा जास्त जोरात पळायचो.

तो शनिवार. अकरा वाजता बसलो होतो. वसतिगृहाच्या बाई उशिरा आल्या, त्या जिना चढून थेट दारातूनच बोलायला लागल्या. "एक जागा रिकामी झाली. एका मुलीचं लग्न ठरलं, ती येत नाही. आज पाचला यादी बंद होते, त्याच्या आत नाव लिहायला हवं. मूळ कागद समोर असले तर आजच कॉट मिळेल." आणि तिच्याकडे बघून, "बोल, येतेस?"

ती उभी राहिली आणि परत बसली. "येते," म्हणाली. "म्हणजे, येते ना."

"आधार कार्ड?" बाईंनी विचारलं.

ती काकांकडे बघायला लागली. काका खोकले. "ते माझ्याकडे आहे. सांभाळायला दिलेलं. थांबा." ते खाली गेले, स्कूटरच्या डिकीतून एक डबा घेऊन आले, डब्यातून हळदीची पिशवी, आणि पिशवीच्या मागून आधार कार्ड. कडेला पिवळं झालेलं.

"काका, माझं थोबाड पिवळं झालंय," ती म्हणाली.

"हळद लागल्यासारखी दिसतेस, वाईट काय आहे त्यात?"

"मार्कशीट?" बाईंनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांचा चेहरा बदलला. "अरेच्चा. ती माझ्याकडेच आहे. मागच्या वर्षी अर्ज केला होतास तेव्हाची. फाइल बंद झाली आणि परत द्यायची राहिली." त्यांचं ऑफिस दोन गल्ल्या पलीकडे. पळत जाऊन पळत आल्या, हातात मार्कशीट. मग डॉक्टरबाईंनी आपल्या ड्रॉवरमधून बालगृहाचं पत्र काढलं. "मीही," त्या म्हणाल्या. "मला वाटलेलं हे असलं की ती तपासणीला येत राहील."

मग काका म्हणाले, "म्हणजे पोरगी एक, आणि आपण तिघांनी तिचे तुकडे करून कपाटात ठेवलेत." हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. बाई भिंतीला टेकून हसत होत्या. ती तर खुर्चीतून घसरली. आणि मी, मी टेबलावर डोकं ठेवून हसत होतो, कारण डोकं वर केलं असतं तर कुणीतरी मला विचारलं असतं.

"आता फक्त दाखला," बाई डोळे पुसत म्हणाल्या.

ती एकदम थांबली. "तो नाही. तो मागच्या वर्षीच हरवला. माझ्याच हातून."

"एवढा मोठा कागद हरवतेस काय गं?" काका म्हणाले. रागावून नाही, पण म्हणाले.

"सरांना विचारा. सर किती लांबून घेऊन आलेले. एका शब्दाने बोलले नाहीत मला."

डॉक्टरबाईंनी विचारलं, दुसरी प्रत मिळेल का. बाई म्हणाल्या, मिळेल, पण शाळा तिकडे, दोन-तीन आठवडे सहज जातील. आज पाचला यादी बंद. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. दोन वाजत आलेले.

तेव्हा मला माझाच आवाज ऐकू आला. "मी एकदा कपाट बघून येतो. चुकून तिथेच राहिला असेल."

"चला," काका उठले. "माझ्या स्कूटरवर. माणकोलीच्या पुलावरून तासाभरात डोंबिवली."

काकांच्या स्कूटरला मागे खिचडीच्या पातेल्याचं कडं आहे, त्यात माणूस बसला की पाय कुठे ठेवायचे ते कळत नाही. त्यांचा खिचडी वाढायचा मोठा डाव डिकीत मावत नाही म्हणून तो मी हातात धरला, उभा. रस्त्यात दोन पोरांनी मला सलाम ठोकला. काका पूर्ण वेळ वळून वळून बोलत होते. "साहेब, पोरगी सोन्यासारखी आहे. फक्त जरा धांदरट. त्या दाखल्याचं मनाला लावून घेतलंय तिने." मी डाव घट्ट धरून म्हणालो, "समोर बघा."

केंद्राच्या खाली काका म्हणाले, "मी इथेच थांबतो, गुडघे." मी वर गेलो. कपाट उघडलं, हात वर केला, हजेरीपुस्तकं बाजूला केली, फोल्डर हातात आलं. अर्धं मिनिट लागलं असेल. मग मी खुर्चीवर बसलो. कारण अर्ध्या मिनिटात खाली गेलो तर इतक्यात सापडला कसा असं काकांना वाटलं असतं. पाच मिनिटं मी पंख्याखाली बसून राहिलो. उठलो, कपाटाच्या वरच्या धुळीवरून दोन्ही हात फिरवले आणि शर्टाच्या बाह्यांना पुसले. थोडे केस विस्कटले. वॉशबेसिनच्या आरशात बघितलं आणि अजून थोडे विस्कटले. पन्नाशी उलटलेला माणूस, बायको आहे, मुलगी कॉलेजात आहे, शनिवारी दुपारी आरशासमोर स्वतःला धूळ लावतोय.

खाली आलो तर काकांनी मला धुळीसकट मिठी मारली. ते वय विसरून नाचले. डॉक्टरबाईंना फोन लावून स्पीकरवर ओरडले, "सापडला," आणि तिकडून आरडाओरड ऐकू आली, त्यात तिचा आवाज होता.

परतीच्या वाटेवर मी खरोखर आनंदात होतो, हे मला लपवायचं नाही. सगळं जमून आलेलं. तिला जागा मिळणार, कुणाला काही कळणार नाही, वर मी देवमाणूस. पुलावर वारा होता, खाली खाडी चमकत होती, मी डाव खांद्यावर टाकला आणि चक्क शीळ वाजवली. काकांनी पण वाजवली. त्यांना सूर नव्हता.

चार वाजून वीस मिनिटांनी आम्ही दवाखान्यात शिरलो. टाळ्या झाल्या. बाईंनी फोल्डर घेतलं, दाखला काढून शिक्का बघितला, म्हणाल्या, "उत्तम." डॉक्टरबाई चहा ओतायला लागल्या. आणि ती माझ्यासमोर आली, ओढणीचं टोक हातात घेतलं आणि माझी बाही पुसायला लागली.

"थांबा सर, किती धूळ. माझ्यामुळे सगळं कपाट उपसलंत तुम्ही."

ती उजवी बाही पुसून झाली आणि डावीकडे वळली.

"उपसलं नाही," मी म्हणालो.

"काय?"

"कपाट उपसलं नाही. दाखला कुठे आहे ते मला माहीत होतं. ही धूळ मी लावली."

तिचा हात थांबला. बाकीच्यांचंही सगळं थांबलं, डॉक्टरबाईंची किटली तिरकीच राहिली.

"तू मागायला आलीस तेव्हाच तो तिथे होता," मी म्हणालो. "मी खोटं सांगितलं. तू डॉक्टरबाईंच्या पत्रकावर होतीस. मला राग आला."

"म्हणजे मी हरवला नव्हता," ती म्हणाली.

"नाही."

"मी नव्हता हरवला." ती हे काकांना म्हणाली, मग बाईंना. "काका, मी नव्हता हरवला." आणि ती हसायला लागली, डोळ्यांतून पाणी आणि हसू दोन्ही. "सव्वा वर्ष मी स्वतःला येडी समजतेय. मावशी चावी द्यायची मला, गजऱ्याच्या पेटीची, मीच परत दिली. म्हटलं माझ्याकडे नको, मी हरवते. मोबाइल पण रात्री मावशीच ठेवते. सगळ्यांना सांगून ठेवलं, मला काही देऊ नका." ती पोट धरून हसत होती. काका घाबरून हसायला लागले, त्यांना दुसरं काय करावं सुचेना. मग बाई. मलाही हसू आलं, खरं सांगतो, छातीवरून काहीतरी उठल्यासारखं वाटलं आणि तोंड आपोआप उघडलं.

तिने माझ्याकडे बघितलं. "सर, तुम्ही हसू नका."

मी थांबलो.

"साडेचार," बाई म्हणाल्या. "आधी चला. भांडण नंतर."

दोन गल्ल्या आम्ही पाच जण पळत गेलो. नौपाड्यात शनिवारी संध्याकाळी माणसं खरेदीला निघतात, त्यांनी बाजूला होऊन वाट दिली, कारण पुढे डॉक्टरबाई आणि सगळ्यात मागे डाव घेतलेला मी. तो काकांना परत द्यायचं राहूनच गेलेलं. ऑफिसात बाईंनी फॉर्म काढला. तो त्यांनी दुपारीच तिच्याकडून भरून ठेवलेला, आम्ही स्कूटरवर असताना. स्थानिक ओळखीचा माणूस, अडीअडचणीला कोणाला कळवायचं, त्या रकान्यात तिच्या अक्षरात माझं नाव होतं.

बाईंनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "इथे सही."

तिने तो मधेच धरला. पेन घेतलं, माझ्या नावावर एक रेघ मारली. सरळ, पट्टीने मारावी तशी. "काकांची घ्या," ती म्हणाली.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी काउंटरपासून बाजूला झालो आणि त्यांना जागा दिली. त्यांनी चष्मा पुसला, सही केली, खाली रेघ ओढली. पाचला दहा कमी असताना नाव यादीत लागलं. वसतिगृहाच्या बाई तिला घेऊन वर कॉट दाखवायला गेल्या.

आम्ही तिघं खाली फुटपाथवर उभे. डॉक्टरबाईंनी मला एकदाच विचारलं, "माझ्या पत्रकावरून?" मी म्हणालो, "हो." त्या म्हणाल्या, "ती 'आमची मुलगी' ओळ माझी होती. मलाही तेव्हा तुमच्यावर कुरघोडी करायची होती."

दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली.

"काका, कॉट खिडकीला आहे," ती वरून ओरडली. "पंखा पण चालतो."

काकांनी हात हलवले.

"आणि सर."

मी वर बघितलं.

"त्या वरच्या कप्प्यावर अजून कोणाकोणाचे आहेत?"

"नऊ जणांचे," मी म्हणालो.

"ऐकू नाही आलं."

"नऊ," मी ओरडलो. समोरच्या फरसाणवाल्याने मान वर केली.

"सोमवारी द्या त्यांना. मी एकेकाला फोन करून विचारणार आहे."

"देतो."

"मोठ्याने."

"देतो," मी ओरडलो, आणि कुणी सांगितलेलं नसताना पुन्हा एकदा ओरडलो. डॉक्टरबाई काकांचा हात धरून हसत होत्या. मी हसलो नाही, मला मनाई होती, पण आतून उकळी येत होती आणि ती घरापर्यंत टिकली. बायकोने वास घेतला तो त्याचा.

सोमवारी आठ जण आले. एकाने आपलं फोल्डर उलटसुलट करून विचारलं, सर, हे तुम्ही ठेवून घेतलेलं की मीच विसरलेलो? मी म्हणालो, ठेवून घेतलेलं. पुढच्या शनिवारी आम्ही चौघांनी ठरवलं की मूळ कागद कुणीच ठेवायचा नाही. प्रत ठेवायची. ज्याला सुरक्षित जागा हवी त्याला कुलपाची पेटी, आणि चावी त्याच्याच गळ्यात. आमच्याकडे येणाऱ्या मुलांची संख्या कमी होईल असं मला वाटलेलं. झाली पण थोडी. पोहे उरतात कधी कधी.

नववा मुलगा मात्र आला नाही. त्याचा नंबर बंद आहे. तो कुठे गेला ते कुणाला नक्की माहीत नाही.

ती मला फक्त रविवारी फोन करते आणि फक्त यासाठी. कोर्स कसा चाललाय ते मला काकांकडून कळतं. "सर, मिळाला का तो?" "नाही." मग ठेवते. गेल्या रविवारी मी जेवायला बसत होतो तेव्हा फोन आला.

"बदलापूरला कोणीतरी बघितलाय त्याला. स्टेशनच्या पश्चिमेला, सायकलच्या दुकानात. जाऊन या."

"आत्ता?"

"मग कधी?"

बायको ताट वाढत होती. मी तिला सगळं सांगितलं, दाखल्यापासून. उभ्या उभ्याच सांगितलं, पाच-सात मिनिटं लागली. ती ताटावर ताट झाकून म्हणाली, "एवढं सगळं पोटात ठेवून तू माझ्या शेजारी झोपत होतास?" मी हो म्हणालो, ऑफिसच्या कपाटातून घरी आणून ठेवलेलं ते शेवटचं फोल्डर पिशवीत घातलं, आणि चपला पायात सरकवल्या.